बाणासकट काढा

मावशीने मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. पेन्शनचा कुठलासा अर्ज भरताना लॅपटॉपवर लाल अक्षरांत काहीतरी उमटलं होतं आणि ते काय आहे हे मी सांगायचं होतं. फोटोत लॅपटॉप तिरका, स्क्रीनवर मोरपिसासारख्या लाटा, कोपऱ्यात अर्धा कप चहा आणि एक चावलेली खारी. लाल अक्षरं नेमकी ट्यूबलाइटच्या पांढऱ्या पट्टीखाली.

"मावशी, फोटो नको, स्क्रीनशॉट काढ. कीबोर्डवर वर उजवीकडे प्रिंट स्क्रीन लिहिलेलं बटण आहे बघ, ते दाब."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. नंतर बराच वेळ काहीच नाही.

"अगं, गेलीस कुठं?"

"प्रिंटर चालू करत होते. कागद संपलेत यातले."

मी हसलो खरा, पण नंतर ओशाळलो. कारण मावशीचंच बरोबर होतं. 1981 साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा शिफ्टसोबत हे बटण दाबलं की स्क्रीनवरची अक्षरं खरोखरच प्रिंटरमधून छापून निघत. विंडोजच्या जमान्यात छपाई गेली, चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या आठवणीत, जाऊ लागलं, बटणावरचं नाव तेवढं राहिलं. पुण्याच्या लकडी पुलात लाकूड शोधावं, तसलाच प्रकार.

बरं, तिच्या जुन्या लॅपटॉपवर ते बटण दाबलं तर खट् होत नाही, की काही हलत नाही.

"झालं गं, दिसत नाही एवढंच."

"झालं आणि दिसत नाही? मग झालं कशावरून?"

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. सिद्धता दिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नव्हती. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबायचं. पेटीवर तीन पट्ट्या धराव्यात तशी तिने बोटं बसवली आणि ओरडली, "अरे, काळोख झाला! बंद पडलं बघ!" बंद पडलं नव्हतं. चौकोन आखता यावा म्हणून स्क्रीन मंद होते. पण 'आता माऊसने चौकोन आख' एवढं चार शब्दांत तिथे लिहायला काय हरकत होती?

गंमत म्हणजे त्याच महिन्यात मी स्क्रीनशॉट काढणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात हात घातला होता. घरबसल्या चाळीस-पन्नास शब्दांचं भाषांतर, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी 'सक्रिय खिडकी', 'आयताकृती प्रदेश', 'विलंब' आणि 'भाष्य जोडा' असे शब्द ठोकून दिले आणि खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी यादी मावशीला वाचून दाखवली. सक्रिय म्हटल्यावर तिला मान्सून आठवला, नाहीतर चोरांची टोळी. आयताकृती प्रदेश भूगोलाच्या बाईंकडे पाठवला. भाष्य म्हणजे गीतेवर करतात ते. लाइट बिलाच्या चित्रावर बाण काढायला एवढा मोठा शब्द कशाला? आणि 'विलंब: 5 सेकंद' ऐकून तिने शांतपणे विचारलं, "दंड किती पडतो?"

विलंब म्हटलं की विलंब शुल्क, यात तिची चूक नाही. खरं तर ती सोय फार कामाची आहे. राइट क्लिक करून उघडलेली यादी आपण दुसरीकडे क्लिक करताच मिटते, म्हणून तिचं चित्र काढायचं तर आधी 'पाच सेकंदांनी काढ' असं सांगून ठेवावं लागतं आणि मग ती यादी उघडायची. मी 'विलंब' खोडून 'थांबून काढा' लिहिलं. 'कर्सर समाविष्ट करा' याचं झालं 'बाणासकट काढा'. मराठीकरणातल्या एका सहकाऱ्याने त्यावर शेरा मारला, 'बोलीभाषा वाटते.' वाटते काय, आहेच! मदत मागणारा माणूस प्रमाणभाषेत थोडाच अडतो?

स्क्रीनशॉटला मात्र मी हात लावला नाही. 'पटलचित्र' वगैरे सुचत होतं, पण कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा पैसे आले का विचारताना 'स्क्रीनशॉट दाखवा' म्हणतो, तिथे आपण कशाला पंडिती करावी? प्रश्न क्रियापदाचा होता. इंग्रजीतली बरीचशी क्रियापदं शिकाऱ्याची नाहीतर शिंप्याची: पकडा, झडप घाला, कातरा. आपल्याकडे एकच 'काढणं'. आपण फोटो काढतो, रांगोळी काढतो, तिकीट काढतो, कर्ज काढतो आणि ते फेडत दिवसही काढतो. मी सगळीकडे 'काढा' लिहून मोकळा झालो.

'कापा' लिहिताना मात्र हात अडखळला. 2023 साली उघडकीला आलेला एक घोटाळा आठवला. गूगलच्या पिक्सेल फोनवर आणि विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये, म्हणजे त्यातल्या स्क्रीनशॉट काढायच्या सोयीत, चित्र कापून मूळ फाइलवरच सेव्ह केलं, की नवं छोटं चित्र जुन्या मोठ्या फाइलवर लिहिलं जाई, पण उरलेलं शेपूट तसंच राही. जाणकार माणसाला त्या शेपटातून कापलेला बराचसा भाग परत उभा करता येई. पुढे दुरुस्ती झाली. पण तोवर बटणावर 'कापा' लिहिलेलं आणि आत नुसतं घडी घालून ठेवलेलं! मावशीला म्हणूनच सांगितलंय, खातेक्रमांक असेल तिथे धूसर-बिसर करत बसू नकोस, सरळ काळी पट्टी ओढ.

गेल्या रविवारी नवी आवृत्ती तिच्या लॅपटॉपवर चढवली आणि मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तिने चष्मा पुसला, 'थांबून काढा' निवडलं, पाचापासून उलटे आकडे मोठ्याने म्हटले. मग खाली माझीच ओळ आली: 'स्क्रीनशॉट काढला. चित्रे या फोल्डरमध्ये ठेवला आहे.' ही ओळ लिहायला मला दोन दिवस लागले होते.

"काढला म्हणतोय रे," आतून आवाज आला.

"छान! मग पाठव आता."

थोडा वेळ शांतता.

"पाठवते. पण ठेवलाय म्हणतो ना फोल्डरमध्ये, मग आता तिथून काढू कसा?"