आमची वाटचाल : दापोलीचा सोलर ऑटोक्लेव्ह

सोलर ऑटोक्लेव्ह म्हटलं की लोक अजूनही विचारतात, म्हणजे सोलर कुकरच ना? नाही हो. हे उन्हाच्या उष्णतेवर दाबाची वाफ करून दवाखान्यातली हत्यारं निर्जंतुक करणारं भांडं. पाणी नुसतं उकळून बीजाणू, म्हणजे जंतूंचं टणक कवचातलं रूप, मरत नाहीत. १५ पौंड प्रेशर, १२१ डिग्री, आणि तिथे पोचल्यावर निदान १५-२० मिनिटं ते तसंच टिकायला हवं. आमचं दापोलीतलं वर्कशॉप ह्याच हट्टावर उभं आहे.

आधी आम्ही गेट-ग्रिल करायचो. मग ऊन एका जागी, म्हणजे फोकसवर, गोळा करणारी दीड मीटरची डिश बनवली, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, फोकसवर काळं केलेलं भांडं, वर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच, खाऱ्या वाऱ्यात साध्या ३०४ ग्रेडवरही डाग पडतात हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मंडणगडकडच्या खाडीकाठच्या एका वाडीतल्या नर्स सिस्टर. तिथे लाईट असते पण भरवशाची नसते, आणि बाळंतपण काही लाईट बघून येत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, मशीन चकचकीत नको, आतली हत्यारं खात्रीची हवीत." प्रत्येक लोडची वेळ, प्रेशर रजिस्टरला लिहितात, उष्णतेने काळ्या होणाऱ्या इंडिकेटर टेपचा तुकडासुद्धा चिकटवतात. आमच्या मशीनची खरी जाहिरात तेच रजिस्टर.

आता एक दुसरं प्रकरण. आमच्याकडेच वेल्डिंग शिकलेल्या एकाने शेजारच्या तालुक्यात दुकान टाकलं आणि आमचीच डिश अर्ध्या किमतीत विकायला लागला. किमतीचं दुःख नाही, पण त्याच्या भांड्याला हवा बाहेर काढायचा कॉकच नव्हता! आत हवा अडकली की गेज १५ दाखवतो आणि आत १२१ होतच नाही, हे त्याला आमच्याच बाकावर शिकवलेलं. तरी एका संस्थेची मोठी ऑर्डर त्याला गेली, आमचं कोटेशन कुणी उघडून बघितलं का शंकाच आहे. वर टेप काळी झाली म्हणजे झालं असं तो सांगायचा. टेप फक्त उष्णता लागली एवढंच सांगते, खात्री हवी तर जिओबॅसिलस ह्या उष्णतेला चिवट जंतूचे बीजाणू आत ठेवून ते मरतात का बघायची स्पोअर टेस्टच करावी लागते. आम्ही ती करून देतो.

त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. शेडचे पत्रे गेले, तयार डिश वाकल्या, लॉकडाऊनमुळे माल येईना, बँकेचा हप्ता थकला. मी बायकोला म्हटलंसुद्धा, परत ग्रिलच करूया. गावोगाव कित्येक दिवस अंधार होता, आणि पाऊस लागायच्या आधी जे थोडं ऊन पडलं त्यात सिस्टरांचं मशीन चाललं. त्यांनी फोन करून तेवढंच सांगितलं आणि पुढच्या भांड्याचे पैसे आगाऊ पाठवले. त्या पैशातून पत्रे आणले.

पुढे सगळं रुळावर आलं.

नवीन पोरांनो, दोन गोष्टी ऐका. डिश गोड्या पाण्यानेच धुवा, काथ्याने घासू नका, आरसा कायमचा जातो. फोकस दर पंधरा-वीस मिनिटांनी हलवायला माणूस ठेवा आणि त्याला काळा चष्मा द्या. पावसाळ्यात ढगातून येणारा उजेड डिशच्या काही कामाचा नाही, म्हणून आमचं भांडं चुलीवरही बसतं. आणि जून ते सप्टेंबर आम्ही डिलिव्हरी देत नाही, कितीही घाई असली तरी, कारण उन्हात प्रेशरला टेस्ट केल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जात नाही.