जुन्या आवृत्त्यांच्या आधारावर आमची वाटचाल

आमचे काम इंदूरच्या रामबागेत, भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू झाले. सियागंजातील घाऊक किराणा व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलिंगचे आणि गोदामातील साठ्याचे सॉफ्टवेअर लिहितो, आणि ते ज्या सर्व्हरवर चालते त्यांची देखभालही आमच्याकडेच असते. या सर्व्हरसाठी आम्ही पहिल्यापासून डेबियन या लिनक्स प्रणालीची स्थिर, म्हणजे कसून तपासलेली, आवृत्ती निवडली. ऐन दिवाळीच्या तोंडावर, पेढीसमोर माल उतरत असताना एखाद्या अपडेटमुळे बिल निघायचे थांबले, तर व्यापाऱ्याचा दिवस बुडतो आणि आमच्यावरचा विश्वासही.

या निवडीची किंमत म्हणजे जुनी पॅकेजेस, म्हणजे प्रणालीसोबत मिळणारी तयार सॉफ्टवेअर. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि एकदा ती आली की बहुतेक पॅकेजेसचे आवृत्ती क्रमांक शेवटपर्यंत तेच राहतात. जून २०२३ मधल्या डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस (डेटाबेस) १५ आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) ३.११ होते, ते आजही तेच आहेत. ‘इतके जुने कसे चालते?’ हा प्रश्न ग्राहक विचारतात आणि आमच्याकडे नव्याने रुजू होणारी मुलेही विचारतात. त्यांना आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो की क्रमांक जुना असला तरी त्यातले दोष तसेच राहिलेले नसतात. डेबियनचा सुरक्षा गट नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती उचलून जुन्या कोडमध्ये बसवतो.

जुलै २०२४ मध्ये सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधला गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा एका ग्राहकाच्या लेखापरीक्षकांच्या तपासणीत आमच्या सर्व्हरवरची ९.२ ही आवृत्ती लाल रंगात आली. प्रत्यक्षात तेथे ‘९.२पी१-२+डेब१२यू३’ हे पॅकेज होते, आणि शेवटच्या ‘यू३’मध्येच ती दुरुस्ती आलेली होती. आम्ही पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) काढून त्यातली सीव्हीई-२०२४-६३८७ ची, म्हणजे त्या दोषाच्या अधिकृत क्रमांकाची, नोंद पाठवली आणि शेरा मागे घेतला गेला. त्याहून जुन्या डेबियन ११ मध्ये तर हा दोष नव्हताच, कारण तो ८.५ या आवृत्तीत शिरला होता आणि तेथे ८.४ होती. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखांपर्यंत पोहोचली होती, स्थिर शाखेत मात्र आली नव्हती.

तरीही काही वेळा नवीन लागतेच, आणि ते कोठून घ्यावे याबाबत आम्ही फार काटेकोर आहोत. पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) हवी असेल तर प्रत्येक प्रकल्पाच्या सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत, म्हणजे स्वतंत्र व्हेन्‍व्हमध्ये. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने थेट काही टाकू पाहिल्यास ते अडवलेच जाते, आणि ते योग्यच आहे. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या साठ्यातून). बाकीचे बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसमधून, तेही नेमके नाव देऊन एकेक पॅकेज, कारण बॅकपोर्ट्सना सुरक्षा गटाचे तसे पाठबळ नसते.

टेस्टिंगची रिपॉझिटरी स्थिर सर्व्हरला जोडणे आम्ही पूर्णपणे वर्ज्य मानतो. आमच्याकडे आलेल्या एका पेढीच्या सर्व्हरवर आधीच्या तंत्रज्ञाने एका लायब्ररीपायी तसे केले होते. तिच्यामागोमाग जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती ‘लिबसी’ ही मूळ लायब्ररीही नवी आली, तिच्यामुळे इतर पॅकेजेस ओढली गेली, आणि अखेर पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. तेथे डेटाचा बॅकअप घेऊन सर्व्हर नव्याने उभारणे हाच मार्ग उरला होता.

आता डेबियन १३ वर जाण्याचे काम चालू आहे. डेबियन १२ ला दीर्घकालीन पाठबळ जून २०२८ पर्यंत असल्याने आम्हाला घाई नाही. प्रत्येक पेढीच्या डेटाची प्रत आधी चाचणी सर्व्हरवर पोस्टग्रेस १७ मध्ये चढवतो, महिन्याभराची बिले दोन्हीकडे ताडून पाहतो, आणि मग व्यापाऱ्याला सोयीचा रविवार विचारतो.