उशाला उशी घेऊन

दुपारी लाईट गेली. पंखा थांबला की झोप मोडते ती मोडतेच, मग पडल्या पडल्या मोबाईल. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी बायबलचं वचन टाकलेलं, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका', आणि मागे आमच्या नाशिकच्या सोमेश्वरचा धबधबा. फोटो छानच होता, पण माझं या फोटोंशी जरा जमत नाही. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना हे लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, पहारेकरी, बेड्या, निकाल काय लागणार त्याचा पत्ता नाही. तिथून माणूस लिहितोय की काळजी करू नका, तर मागे निदान एखादी गजांची खिडकी तरी टाका ना.

मला विचाराल तर बायबलमधली शांती धबधब्यापेक्षा झोपेत जास्त सापडते. दावीद राजा पोटच्या पोरापासून, अबशालोमापासून जीव घेऊन पळतोय आणि तिसऱ्या स्तोत्रात सांगतो काय, तर मी अंग टाकलं, झोपलो, उठलो. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात दोन शिपायांच्या मधे साखळ्यांत, उद्या हेरोद राजा खटल्यासाठी बाहेर काढणार, आणि हा इतका गाढ की देवदूताला कुशीत मारून उठवावं लागलं. एलीया संदेष्टा तर झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता मरण दे. त्याला कुणी प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं, मग उठवून भाकर आणि पाणी दिलं, आणि परत झोपू दिलं. (पौलाच्या प्रवचनात डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेला युतुख हा वेगळा विषय. त्याचे वंशज आमच्या मंडळीत भरपूर आहेत, नशीब आमचं चर्च तळमजल्यावर आहे.)

पण माझी लाडकी झोप मार्कच्या शुभवर्तमानातली, चौथ्या अध्यायातली. समुद्र खवळलाय, होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशाला उशी घेऊन झोपलाय. मत्तय आणि लूक पण ही गोष्ट सांगतात, उशी मात्र एकट्या मार्ककडेच. कोळ्यांच्या होडीत उशी आली कुठून, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं. कुणाच्या बायकोने घरून दिली असेल का?

नाशिकातल्या शरणपूरच्या आमच्या संडे स्कूलमध्ये ख्रिसमस सोडला तर हेच नाटक व्हायचं. बाकं जोडून होडी. मुली म्हणजे लाटा, टीचरची निळी साडी दोन्हीकडून धरून हलवत राहायची, हात दुखून यायचे. येशूचं काम कायम सगळ्यात दंगेखोर पोराला, तेवढा वेळ तरी गप पडेल म्हणून. आणि उशी आमच्या आज्जीची, क्रोशाचं कव्हर, आत शेवरीचा कापूस गोळे झालेला, खोबरेल तेलाचा वास. एकदा तो पठ्ठ्या खरंच झोपला. पत्रा बडवून बडवून गडगडाट केला, शिष्य 'गुरुजी, आपण बुडतो' म्हणून बोंबलले, हा उठेना, शेवटी पेत्राने पाठीत गुद्दा घातला. शरणपुरात बोटींच्या गोष्टी तशाही कमी नाहीत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं एकोणिसाव्या शतकात इथेच आणून शिकवली होती, त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७३ मध्ये तिकडे आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचायला होता. टीचर हे सांगायच्या तेव्हा आमचं लक्ष डब्याकडे.

आज्जीला पुराची भीती नव्हती असं नाही हं. गोदावरीला पाणी वाढलं की सगळं नाशिक विचारतं तसं तीही विचारायची, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? कमरेला म्हणा, छातीला म्हणा, गळ्याला म्हणा, ती 'हो का' म्हणायची, एक स्तोत्र पुटपुटायची, मधेच एखादी ओळ विसरायची, आणि कुशीवर वळायची. १९६९ चा पूर बघितलेली बाई. आणि आम्ही ऑगस्ट २०१६ ला, नदीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर, रात्रभर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर बघत बसलेलो. तिचं ते कुठून यायचं मला अजून कळलेलं नाही. विश्वास म्हणावा तर विश्वास माझाही आहे, चर्च चुकत नाही, उपवास चुकत नाही, झोप तेवढी येत नाही.

असो. आज मार्क परत वाचताना एक वाक्य नव्यानेच दिसलं, म्हणजे होतं तिथेच, मीच उशीच्या नादात पुढे जायचे. त्या रात्री येशूबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. बस, एवढंच, पुढे त्यांचं काय झालं मार्क सांगत नाही. वादळ तर त्यांच्यावरही आलं असणार. शिष्यांनी उठवल्यावर येशूने वाऱ्याला दटावलं तेव्हा त्यांच्याही लाटा बसल्या असणार, आणि त्यांना तर माहीतच नाही की शेजारच्या होडीत कोण झोपलं होतं, कुणी उठवलं, तो काय बोलला. किनाऱ्याला लागल्यावर घरी जाऊन सांगितलं असेल, वाचलो बुवा, वारा पडला एकदाचा.