आशियाई फँटसी शोधायची असेल तर आधी काळ पकडा

इंग्रजीत फँटसी वाचणाऱ्या माणसाला कधी ना कधी किल्ल्यांचा कंटाळा येतोच. तोच बर्फाळ मुलूख, तीच सराई, तोच रश्श्याचा वाडगा आणि पावाचा तुकडा, तोच राजा नि त्याचे शूर सरदार. छान लिहिलेलं असतं, मी अजूनही आवडीने वाचते, पण मग वाटायला लागतं की आपल्या बाजूच्या जगात, म्हणजे चीन जपान इराण मलाया आणि आपला भारत, इथे राज्यं नव्हती का, भुतं नव्हती का, घराण्यांची सात पिढ्यांची वैरं नव्हती का? होती की, रग्गड होती. आणि त्यावर आता चांगलं लिहिलंही जातंय. अडतं ते सापडण्यापाशी. 'एशियन फँटसी' असं सर्च केलं की शंभर कव्हरं येतात, हातात तलवार घेतलेली मुलगी, मागे लाल ड्रॅगन, कोपऱ्यात चेरीची फुलं, आणि आत नावं चिनी, जेवण जपानी, दरबाराच्या रीती कुठल्याच नाहीत. अशी पुस्तकं वाचून मजा येत असेल तर जरूर वाचा, पण मला जे हवं असतं ते त्यात मिळत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की आशिया हा शब्दच सर्चमधून काढून टाका. एवढ्या मोठ्या खंडाचं एक सेटिंग असूच शकत नाही. त्याऐवजी एखादा काळ धरा, एखादं युद्ध, एखादं घराणं, एखादं बंदर, आणि त्यावर कुणी फँटसी लिहिलीय का ते बघा. चीनची तांग राजवट टाका, मुघल जनाना टाका, मलेशियातलं पेनांग टाका. चांगल्या लेखकाच्या डोक्यात अख्खा आशिया कधीच नसतो, एक नेमकी जागा असते, आणि ती तो मुलाखतीत नाहीतर पुस्तकाच्या शेवटी मनोगतात सांगून टाकतो. मी तर हल्ली ते शेवटचं मनोगत आधी वाचते आणि मग ठरवते.

उदाहरण सांगते. गाय गॅव्हरिएल के हा कॅनडाचा लेखक, त्याचं 'अंडर हेवन' 2010 साली आलं. मागे आठव्या शतकातला तांग चीन आहे, 755 साली आन लुशान नावाच्या सेनापतीने बंड केलं आणि पुढे 763 पर्यंत देश होरपळत राहिला, तो काळ. पुस्तकात नावं बदललेली आहेत, चीनचं किताई झालंय. पण सुरुवात बघा. शेन ताई हा एका सेनापतीचा मुलगा, वडील वारल्यावर दुखवट्याचा काळ पाळायला म्हणून पार सरहद्दीवरच्या एका तळ्याकाठी एकटा जाऊन राहतो. तिथे वीस वर्षांपूर्वी मोठी लढाई झालेली असते, वडीलही त्यात होते, आणि दोन्ही बाजूंची हजारो माणसं तशीच पडलेली, आता नुसती हाडं उरलेली. हा रोज खड्डे खणतो आणि पुरतो, आपले कोण नि शत्रूचे कोण असं काही न बघता. रात्री तिथे मेलेल्यांचे आवाज येतात, कुणी रडतं कुणी ओरडतं, आणि ज्याला मूठमाती मिळाली त्याचा आवाज त्या रात्रीपासून थांबतो. या कामाचं मोल म्हणून शत्रूच्या देशात लग्न करून दिलेली राजकन्या त्याला अडीचशे घोडे देते, असे घोडे की त्यातला एक मिळाला तरी माणसाचं नशीब फळफळावं. आणि तिथून त्याच्या जिवाला धोका सुरू होतो कारण अडीचशे घोडे म्हणजे सत्तेचा तोल बदलणारी गोष्ट आहे.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. दु फू हा तांग काळातला मोठा कवी, त्याच्या लढाईच्या गाड्यांवरच्या कवितेत छिंगहाय तळ्याकाठच्या हाडांचा उल्लेख आहे, कुणीच गोळा न केलेली पांढरी हाडं, नवी भुतं तक्रार करताहेत आणि जुनी रडताहेत. मला हे वाचताना पानिपत आठवलं, मराठी माणसाला आठवणारच, 1761 सालची ती माणसं, ज्यांचं दहावं-तेरावं करायलाही कुणी उरलं नाही. मेलेल्या माणसाचं काहीतरी देणं आपल्यावर असतं ही भावना मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. त्यामुळे माझी एक कसोटीच झालीय, पुस्तकात मेलेल्यांचं काय करतात ते बघायचं, थोरल्यांना हाक कशी मारतात ते बघायचं आणि जेवायला काय वाढतात ते बघायचं. या तीन ठिकाणी लेखकाने विचार केला असेल तर बाकीचं जग बहुतेक उभं राहतं.

केन लिऊचं 'द ग्रेस ऑफ किंग्ज' (2015) याच पद्धतीने सापडतं. मागे चीनमधलं छिन साम्राज्य कोसळल्यावर लिऊ बांग आणि श्यांग यू यांच्यात झालेला सत्तासंघर्ष आहे, इसवी सनापूर्वी 206 ते 202, एक साध्या घरचा हिकमती माणूस आणि एक जबरदस्त खानदानी योद्धा, आधी मित्र मग वैरी. चिनी बुद्धिबळाच्या पटावर मधे जी नदी असते तिथे अजूनही याच दोन बाजूंची नावं छापतात, इतकं ते तिथल्या लोकांत भिनलेलं आहे. लिऊने त्याला बेटांचा देश दिला, रेशीम आणि बांबूची हवाई जहाजं दिली, लढाऊ पतंग दिले. पहिला भाग मला थोडा कोरडा वाटला, माणसं फार वेगाने येतात नि मरतात, बायका मागे राहतात. दुसऱ्या भागात ते बरंच सुधारतं म्हणून चिकाटी धरा असं सांगेन.

आर. एफ. क्वांगचं 'द पॉपी वॉर' (2018) बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अनाथ मुलगी रात्रंदिवस घोकंपट्टी करून देशभर होणाऱ्या परीक्षेत चमकते आणि लष्करी शाळेत पोचते, इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटतं, आणि मग अर्ध्यानंतर 1937 चं नानजिंग येतं, जपानी सैन्याने त्या चिनी शहरात केलेली कत्तल. नाव बदललंय पण हत्याकांड तेच. हे पुस्तक कॉलेजच्या मुलीला वाढदिवसाला देण्यासारखं नाही, आधी चाळून बघा, काही पानं खरंच सहन होत नाहीत. पण ते खोटं नाही, लेखिकेने मजा म्हणून रक्त सांडलेलं नाही, तिथे जे झालं त्याकडे तोंड फिरवायचं नाही असं तिने ठरवलंय हे जाणवतं. आणि त्यातली अफू वाचताना मुंबईकर म्हणून थोडं अस्वस्थ व्हायला होतं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्याच देणगीतून जेजे हॉस्पिटल उभं राहिलं. म्हणजे ही कथा परक्यांची म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

सगळं काही जुन्या काळातलंच हवं असं पण नाही. फोंडा लीचं 'जेड सिटी' (2017) मला अतिशय प्रिय आहे. केकॉन नावाचं बेट, काळ साधारण आपल्या साठ-सत्तरच्या दशकासारखा, मोटारी टेलिफोन वगैरे आहेत, आणि जेड नावाचा हिरवा दगड अंगावर घातला की ताकद येते, पण ती पेलायला रक्त आणि तालीम दोन्ही लागतं. शहरावर दोन टोळ्यांचा ताबा. वाचताना मला सगळ्यात जास्त आवडलं ते कौल कुटुंब. आजोबा निवृत्त झालेत पण खुर्ची सोडवत नाहीये, थोरला नातू घर सांभाळताना स्वतः झिजतोय, मधला तापट, धाकटी बहीण परदेशात शिकून परत आलीय आणि तिला यातलं काहीच नकोय पण घर संकटात आलं की पाय निघत नाही. आपल्याकडच्या पिढीजात पेढीवर भावाभावांत जे चालतं अगदी तेच, फक्त हिशेब चुकला की इथे तलवार निघते. याला 2018 चं वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. शोधायची ही पण एक चांगली वाट आहे, दहा वर्षांच्या अवॉर्डच्या याद्या काढा आणि नामांकनंही बघा, नुसते विजेते नको.

त्याच याद्यांत ताशा सुरी सापडते, 'द जॅस्मिन थ्रोन', 2022 चं वर्ल्ड फँटसी. ही कादंबरी भारतावर बेतलेली आहे आणि इथे आपली परीक्षा कडक होते, कारण चीनच्या बाबतीत आपण सोडून देऊ ते इथे खटकतं. प्रिया, अशोक, भूमिका ही नावं वाचून पहिली काही पानं मला शेजारच्या सोसायटीत आल्यासारखं झालं. मग मालिनी येते. तिचा भाऊ सम्राट आहे आणि त्याने तिला चितेवर चढायची आज्ञा केली होती, तिच्या दोन सख्या चढल्या आणि जळाल्या, ती नाही म्हणाली, म्हणून तिला एका जुन्या देवळात कैद केलंय. ते 'नाही' अख्ख्या पुस्तकाच्या पाठीशी उभं आहे. शिवाय एक रोग पसरलाय ज्यात माणसाच्या कातडीतून पानं-फुलं उगवतात, आणि तो श्रीमंतांच्या वाड्यात कमी आणि रस्त्यावरच्या पोरांत जास्त दिसतो. सुरीचं आधीचं 'एम्पायर ऑफ सँड' मुघल वळणाचं आहे, तेही चांगलं आहे, पण मी आधी हेच देईन.

पेनांग म्हटलं ना वर, ते झेन चोच्या 'ब्लॅक वॉटर सिस्टर' (2021) साठी. अमेरिकेत वाढलेली मुलगी आईबाबांबरोबर मलेशियाला परत येते आणि मेलेल्या आजीचा आवाज तिच्या डोक्यात बोलायला लागतो. आजीच्या अंगात देवी यायची, आणि त्या देवीच्या ठाण्याच्या जागेवर आता बिल्डरचा डोळा आहे. कोकणातल्या कुठल्याही माणसाला ही गोष्ट पहिल्या प्रकरणातच कळेल. आजी भयंकर तोंडाळ आहे, तिच्यासाठीच वाचा.

आणि हे आपलं-त्यांचं नातं नवीन पण नाही. चिनी फँटसीच्या मुळाशी जे सोळाव्या शतकातलं पुस्तक आहे, वानरराजा सुन वुखोंगचं 'जर्नी टू द वेस्ट', त्यातला भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. तो ज्या पश्चिमेला निघालाय ती पश्चिम म्हणजे भारत. खरा ह्युएनत्संग 645 साली चीनला परतला, त्याआधी तो महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं तेव्हा. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, आणि हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकी कपडे देतात. शंभर प्रकरणांचं पुस्तक आहे, अख्खं वाचायचं धाडस नसेल तर आर्थर वेलीचा 1942 चा संक्षिप्त अनुवाद 'मंकी' घ्या.

थोडक्यात काही हवं असेल, म्हणजे लोकलच्या दोन-चार फेऱ्यांत संपेल असं, तर नी वोचं 'द एम्प्रेस ऑफ सॉल्ट अँड फॉर्च्यून', ज्याला 2021 चं ह्यूगो अवॉर्ड मिळालं. एक भिक्षू आणि काहीही न विसरणारा एक हुदहुद पक्षी, दोघं एका म्हाताऱ्या दासीकडून घरातल्या एकेका वस्तूमागची हकिकत ऐकतात आणि त्यातून एका राणीचं बंड हळूहळू कळत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरची सगळी पुस्तकं मुळात इंग्रजीत लिहिलेली आहेत (वानरराजा सोडून), आणि बरेच लोक तिथेच थांबतात. थांबू नका, अनुवादकांची नावं शोधा, कारण तिथल्या लोकांनी तिथल्या लोकांसाठी लिहिलेलं वाचायची गंमत वेगळीच आहे, काही समजावून सांगत बसत नाहीत. माझी शिफारस नाहोको उएहाशीचं 'मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट', जपानीत 1996 साली आलं, इंग्रजी अनुवाद कॅथी हिरानोचा, 2008. मुलांच्या शेल्फवर ठेवतात म्हणून मोठ्यांच्या नजरेतून सुटतं. बाल्सा ही तीस वर्षांची भालाईत बाई, भाड्याने अंगरक्षक म्हणून काम करते, आणि ती एका राजपुत्राला घेऊन पळते कारण त्याच्या अंगात पाण्याच्या आत्म्याचं अंडं आहे आणि त्याचा बापच त्याच्या जिवावर उठलाय. राजघराण्याची अधिकृत कथा अशी की आमच्या मूळपुरुषाने पाण्यातला राक्षस मारला म्हणून हा देश वसला. पण त्या जमिनीवर आधीपासून राहणारे याकू लोक वेगळीच गोष्ट सांगायचे, की ते अंडं फुटलं नाही तर दुष्काळ येतो, आणि ती गोष्ट आता त्यांच्यातल्या फारच थोड्यांना आठवते. म्हणजे पोराचा जीव वाचवायचा तर आधी खरी गोष्ट शोधायची. उएहाशी स्वतः मानववंशशास्त्रज्ञ आहे, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये तिने काम केलंय, आणि ते पानोपानी कळतं. आणि जेवण! पळापळीतही ही माणसं नीट जेवतात, जपानमध्ये तर तिच्या पुस्तकांतल्या पदार्थांचं वेगळं पाककृतींचं पुस्तक निघालंय.

सुरुवात कुठून करू असं विचारलंत तर मी हेच हातात देईन. फक्त एक आधीच सांगून ठेवते, जपानीत या मालिकेची दहाहून जास्त पुस्तकं आहेत आणि इंग्रजीत दोनच आली, दुसरं 'गार्डियन ऑफ द डार्कनेस'. उएहाशीला 2014 साली बालसाहित्यातला मोठा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला तेव्हा मला आशा होती की आता बाकीचे भाग येतील. ज्यांना पहिल्या पुस्तकानंतर बाल्साला सोडवणार नाही त्यांच्यासाठी 2007 सालची सव्वीस भागांची ऍनिमे मालिका आहे, गोष्ट पहिल्या पुस्तकाचीच आहे पण बाल्सा आणि राजपुत्र एका गिरणीत लपून राहतात तो मधला काळ त्यात खूप सावकाश दाखवलाय, तो जरूर बघा.