आधी तुकडा, मग तारीख

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात गर्भाशयाला कोणी गर्भाशय म्हणत नाही; ती ‘पिशवी’ असते, आणि एकदा पिशवी म्हटले की मुले झाल्यावर तिचे काम संपले, असे सर्वांना सहज वाटू लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तेव्हा आम्ही दुरूनच हळहळलो होतो. पुढे एकदा मी आमच्याच गल्लीतील, पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका मोजल्या, तर त्या सात निघाल्या, आणि ऑपरेशनचे नेमके कारण त्यांच्यापैकी एकीलाही सांगता आले नाही. ‘गाठ होती, पुढे कॅन्सर झाला असता’ एवढेच उत्तर प्रत्येकीकडून मिळाले.

यंदा वैशाखात माझ्या मोठ्या जाऊबाईंवर हीच वेळ आली. त्यांचे वय ४३. पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जात होते आणि हिमोग्लोबिन साडेसातवर आले होते. सोनोग्राफीत चार सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणारी गाठ दिसली आणि पिशवीचे अस्तर जाड झालेले आढळले. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले, ‘सोबत दोन्ही अंडाशये काढली की कॅन्सरची चिंताच नको’ असे म्हटले आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली. ती तारीख पेरणीच्या आधी येत असल्याने घरात सर्वांना पटली. ‘आते ती काय कामनी शे?’ असे म्हणून सासूबाईंनी विषयच संपवला.

त्या आठवड्यात मी बरेच वाचले, विचारले, आणि माझ्या लक्षात आले की आमच्या घरात ‘गाठ’ आणि ‘अस्तर’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच भीतीत मिसळून गेल्या होत्या. फायब्रॉइडची गाठ ही जवळजवळ नेहमीच साधी असते, तिचा पुढे कॅन्सर होतो हा समज निराधार आहे, आणि पाळी कायमची गेल्यावर ती बहुधा आकसते. अस्तराचे तसे नाही. ते का जाड झाले, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. त्यासाठी आतला तुकडा घेऊन तपासावा लागतो, आणि सोबत गर्भाशयमुखाची पॅप चाचणीही, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन केलेली तपासणी, करून घ्यावी लागते. हे न करता पिशवी काढली आणि नंतर प्रयोगशाळेने तिच्यात कॅन्सर असल्याचे कळवले, तर पुढचे सगळेच अवघड होऊन बसते, कारण कॅन्सरसाठीचे ऑपरेशन आणि साधी पिशवी काढण्याचे ऑपरेशन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीचा असला, तरी अनेकदा आजूबाजूच्या भागासह मोठे ऑपरेशन लागते. तो पसरलेला असेल तर किरणोपचार आणि केमो हाच मुख्य उपचार ठरतो. म्हणजे ज्या भीतीने घाई करायची, ती खरी निघाली तर त्या घाईचाच सर्वांत जास्त फटका बसायचा.

अंडाशयांबद्दल तर मला रागच आला. पाळी जाण्याआधी ती दोन्ही काढली की एका दिवसात पाळी जाते, अंगाची लाहीलाही होते, हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर असेल, जनुकीय दोष आढळला असेल, तर तो निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो. आमच्याकडे तसे काही नव्हते आणि तसे कोणी विचारलेही नव्हते. संमतीचा कागद मात्र तयार होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात (तपासणीसाठी भूल दिलेल्या रुग्णाची पिशवी आणि अंडाशये केवळ आईच्या संमतीने काढली होती) स्पष्ट सांगितले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि रुग्ण सज्ञान असेल व जिवाला तातडीचा धोका नसेल तर आईची सहीसुद्धा तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. आमच्याकडे सही करायला भाऊजी पेन घेऊन बसले होते.

मंगळवार आम्ही जाऊ दिला आणि जळगावला दुसऱ्या डॉक्टरांकडे तुकडा घेतला. अहवालात अस्तराची साधी वाढ निघाली, पेशींत बिघाड नव्हता. गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला होती आणि आतली पोकळी सरळ होती, म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबी बसवता आली (ती तांब्याची नसते, तरी आमच्याकडे तिला तांबीच म्हणतात), आणि लोहाची इंजेक्शने दिली. पहिले तीन महिने थोडे थोडे डाग लागत राहिले, तेव्हा जाऊबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. आता अंगावरून जाणे अगदी कमी झाले आहे.

याचा अर्थ ऑपरेशन नाकारणे म्हणजे शहाणपण, असा मात्र कोणी घेऊ नये. माझ्या मावशीची पाळी जाऊन सात वर्षे झाली होती. पुन्हा डाग दिसले तेव्हा तिने ते लाजेपोटी पाच महिने लपवले. पाळी गेल्यानंतरचा एक डागसुद्धा तपासलाच पाहिजे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तुकड्यात अस्तराचा कॅन्सर निघाला, आणि तिथे पिशवी, नळ्या, अंडाशये सगळे काढणे हाच योग्य उपचार होता; तो कॅन्सरच्या सर्जनकडून करून घेण्यासाठी आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. तिच्या वेळी कोणीही पेरणीचा हिशेब केला नाही.

जाऊबाईंचा दुसरा तुकडा सहा महिन्यांनी, म्हणजे कार्तिकात घ्यायचा आहे. ती तारीख नेमकी कापसाच्या वेचणीत येते, म्हणून ती पुढे ढकलू असे त्यांनी सुचवून पाहिले. मी नाही म्हटले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण काल पाहिले तर त्यांची फाइल कपाटातून निघून दारामागच्या खुंटीवर, जळगावला नेण्याच्या थैलीत आली होती.