आरतीआधीचे टाळ

भोसरीतलं माझं वर्कशॉप २०२३च्या दिवाळीआधी बंद पडलं. दोन लेथ मशीन, एक ड्रिल, तीन कामगार. ज्या कंपनीचं जॉबवर्क होतं तिने काम थांबवलं आणि पुढे गाळ्याचं भाडंही निघेना. मशीन विकून कामगारांचे पैसे चुकते केले, पण ओळखीच्यांकडून घेतलेले हातउसने तसेच राहिले. रात्री दोनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. बायको विचारायची तेव्हा मी एकच उत्तर द्यायचो, ‘थोडं देणं आहे, फिटेल.’

माझी आत्या खटाव तालुक्यातली. बावीस वाऱ्या झालेली. जूनमध्ये ती घरी आली, चहा होईपर्यंत माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘दिंडीची भिशी, जेवणा-मुक्कामाची वर्गणी, मी भरते. तू नुसता चल.’ २९ जून २०२४ला माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान झालं, तेव्हा मी तिच्या दिंडीत पताका धरून उभा होतो.

पुण्याचा मुक्काम उरकून सासवडला जायचा टप्पा सगळ्यांत लांबचा, तीस-बत्तीस किलोमीटरचा. त्यातच दिवेघाट, आणि तिथीच्या हिशोबाने तो दिवस येतो एकादशीला. म्हणजे सगळ्यांत अवघड चढ उपासावर चढायचा. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. माणसांना मात्र शेंगदाणे, केळी आणि साबुदाण्याची खिचडी. निम्म्या घाटात मी आत्याला विचारलं, ‘पंढरपूर अजून किती राहिलं?’ ती थांबली नाही. ‘पंढरपूर कशाला विचारतोस? विसावा केवढ्यावर हाय ते इचार.’ त्यानंतर मी पूर्ण वाटेत तेवढंच विचारत राहिलो. न्याहारीचा विसावा, दुपारचं जेवण, मग तळ. त्यापलीकडचं काही हिशोबात धरायचंच नाही. गेले आठ महिने मी रोज सकाळी पुढच्या पाच वर्षांचं देणं डोक्यात मांडत होतो. घाटात ते मांडायला दमच उरत नव्हता.

सासवडला राहुटीत पाठ टेकताच आत्याने हाक मारली. ‘आधी पाय. मग झोप.’ उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. तिने सुई ज्योतीवर धरली, दोरा आरपार ओवला, पाणी निघू दिलं आणि वरची कातडी अजिबात काढू दिली नाही. मग दोन्ही तळव्यांना खोबरेल तेल. शेजारच्या राहुट्यांतही हेच चाललेलं. दिवसभर चाललेली माणसं आपापले किंवा एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बसलेली. यात कुणाला लाज नाही, कौतुकही नाही. आत्या बावीस वाऱ्यांत एका रात्रीचाही खाडा न करता हे करत आली आहे. ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशीसुद्धा. ‘दुखल्यावर बघितलं तर उशीर झालेला असतो,’ ती म्हणाली. घरी असताना मी डॉक्टरकडे जायचंसुद्धा टाळलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

आणखी एक गोष्ट लवकर कळली. रस्त्यात गावोगावचे लोक इतकं खायला देतात की हात आखडणं अवघड जातं. चहा, पोहे, राजगिऱ्याचे लाडू, लिंबूसरबत. आत्या हात जोडायची, ‘माउली’ म्हणायची आणि दहांतल्या एकाच ठिकाणी काही घ्यायची. तरुण पोरं दुसऱ्या दिवशी पोट धरून ट्रकमध्ये बसलेली दिसली, तेव्हा पटलं.

पहाटे तळावर कर्णा होतो. पहिल्या कर्ण्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला निघायचं. चालताना काय म्हणायचं तेही ठरलेलं: सकाळचे अभंग, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, उतरत्या दुपारी हरिपाठ. सुरुवातीला मला हे फार बांधलेलं वाटलं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की माझं डोकं रिकामं राहतच नव्हतं. तोंडात अभंग, हातात टाळ, पायात ठेका. रात्री दोनची जाग जेजुरीपासून गेली. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरी होते, म्हणून पालखीच्या चालीत फौजेची बांधणी आहे.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते वाल्ह्याच्या तळावर घडलं.

मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करतात. ही समाज आरती. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. इतकं शांत की पताकेची फडफड ऐकू येते. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत.

त्या संध्याकाळी आमच्या दिंडीने टाळ थांबवले नाहीत. आदल्या रात्री आमचा ट्रक तळापासून फार लांब उभा करायला लावला होता. स्वयंपाक साडेअकराला झाला आणि दोन म्हाताऱ्या उपाशीच झोपल्या. दिंडीत वीणा धरणाऱ्या विणेकरीबुवांनी नुसती मान हलवली आणि आमचे पंचवीस टाळ त्या शांततेत वाजत राहिले. मला मान वर करवेना. इतक्या लोकांसमोर आपलं दुखणं वाजवायचं? चोपदार आले. बुवांनी दोन वाक्यांत सांगितलं, रडगाणं नाही, आरोप नाही. उद्या ट्रक कुठे लावायचा ते तिथेच ठरलं. टाळ थांबले. मग हरवलेल्या वस्तू पुकारल्या, कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी. उद्याची निघायची वेळ सांगितली. आणि आरती सुरू झाली. बुवा तोंडभरून आरती म्हणत होते.

रात्री मी आत्याला म्हणालो, ‘आरती झाल्यावर भेटून सांगता आलं असतं की.’

‘नंतर म्हंजे कधी?’ ती तेलाची बाटली बंद करत म्हणाली. ‘मनात ठिवून उद्या चालायचं व्हय? चालवत नाही, बाळा.’

मी राहुटीबाहेर आलो आणि बायकोला फोन लावला. ती जागीच होती. देणं किती आहे, कुणाकुणाचं आहे, सगळं सांगितलं. साडेनऊ लाख. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, ‘मला वाटत होतं त्याहून कमीच आहे. पाय कसे आहेत?’

त्या रात्री मला किती गाढ झोप लागली! पहिला कर्णा ऐकू आला नाही, आत्याने हलवून उठवलं. नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, फलटण, माळशिरस, वाखरी. १७ जुलैला एकादशी. कळसाचं दर्शन घेऊन मी परतलो. देणं होतं तेवढंच होतं. ऑगस्टपासून चाकणला दुसऱ्याच्या शॉपमध्ये लेथवर उभा राहिलो आणि पगार झाला की बायको वहीत एकेक नाव खोडू लागली.

आमच्याकडे आता रात्रीच्या जेवणाआधी सगळे ताटावर बसले की थोडं थांबतात. कुणाचं काही असेल त्याने चमच्याने ताट वाजवायचं. सहावीतल्या पोरीने परवा वाजवलं. वर्गातल्या मैत्रिणी तिला डब्याला बोलवत नाहीत, हे ती पंधरा दिवस गिळून बसली होती. भाजी गार झाली. आम्ही ऐकत बसलो.