तीन कांकणं, चार भावंडं

अपूर्णांकांसाठी गोष्ट रचताना मी एकच पथ्य पाळते. गोष्ट भांडणापर्यंत आणायची आणि तिथे गप्प बसायचं. सशाने केक कापला, दोघा मित्रांना अर्धा-अर्धा दिला, असल्या गोष्टी मुलं ऐकतात आणि विसरतात. वाटणीवरून कुणी रुसतच नाही, मग हिशेब कशाला करायचा?

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत चौथीला परवा सांगितलेली गोष्ट अशी : सकाळी पों पों करत सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, आला. उंडे संपलेले, पोई संपलेली, पावांपैकी टोपलीत उरली फक्त तीन कांकणं. घरात भावंडं चार. "सगळ्यांनी सारखं खायचं, तक्रार नको," असं बजावून आई शेतावर गेली. पुढे मी काही बोलले नाही.

3 आणि 4 हे आकडे मुद्दाम घेतले होते, अख्खं कांकण कुणाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून. कांकणही मुद्दाम. अपूर्णांक म्हणजे गोल चकतीच्या फोडी, एवढंच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. हा पाव तर बांगडीसारखा. मी खरी तीन टेबलावर ठेवली तशी पहिल्या बाकावरून आरोळी आली, "टीचर, हाका मदीं बुराक आसा!" (याला मध्ये भोक आहे!)

एका गटाने दोन कांकणं अर्धी-अर्धी केली, तिसऱ्याचे चार तुकडे. प्रत्येकाला अर्धं आणि वर एक चतकोर. ही वाटणी जुनीच. इ.स.पू. 1550 च्या सुमाराच्या ऱ्हाइंड पपायरस या इजिप्तमधल्या गणिताच्या हस्तलिखितात रोट्या 10 जणांत वाटायची उदाहरणं आहेत आणि तिथेही उत्तरं अशीच, वेगवेगळ्या लहान हिश्श्यांची बेरीज करून. दुसऱ्या गटाने प्रत्येक कांकणाचे चार तुकडे करून तीन-तीन वाटले. मग जुंपली. "तुम्हाला तीन तुकडे, आम्हाला दोनच!"

एरवी गप्प असणाऱ्या एका मुलीने वेणीची रिबीन सोडली, कांकणाभोवती गुंडाळली, जिथे टोक जुळलं तिथे नख दाबून धरलं आणि रिबीन बाकावर सरळ पसरली. "आता बुराक ना," ती म्हणाली. तेवढी रिबीन दोनदा दुमडून तिने चार भाग पाडले.

संख्यारेषा मी पुढच्या आठवड्यासाठी ठेवली होती. फोडी मोजायची सवय झालेल्या मुलांना ती रेष नेहमी जड जाते. 3/4 हा रेषेवरचा एक बिंदू आहे हे पटता पटत नाही. इथे रेष आपणहून बाकावर आली होती, ती कोण सोडतो! सुतळीचा गुंडा काढला. एका कांकणाएवढे तीन तुकडे कापून टेपने टोकाला टोक जोडले आणि ती लांब सुतळी मुलांनी दोनदा दुमडली. हा एका भावंडाचा वाटा. तो रिबिनीशेजारी ठेवला, तर बरोबर तिसऱ्या घडीवर संपला. अर्धं आणि चतकोरही तिथेच. (खरी तिन्ही कांकणं सारखी नाहीत, हे एकाने दाखवून दिलंच. गोष्टीतली सारखी आहेत, असं ठरवून आम्ही पुढे गेलो.)

भांडण मिटल्यावर मी पोदेराच्या मुलाला गोष्टीतल्या घरात जेवायला बसवलं. खाणारे पाच झाले. सुतळी कितीही दुमडली तरी दोन, चार, आठ. पाच काही होईना. शेवटी दोघांनी दप्तरातून पट्टी काढली आणि सुतळी सेंटिमीटरमध्ये मोजायला घेतली.